नळाची वेळ आणि आपलं वेळापत्रक
वेळेच्या नियोजनावरची पुस्तकं सांगतात, पहाटे उठा, कामांची यादी करा. पण नळाला पाणी कधी येईल हेच ठाऊक नसेल तर ती यादी काय कामाची? कराडशेजारच्या मलकापुरात महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने २००९ च्या सुमारास चोवीस तास पाण्याची योजना उभी केली. पाणी भरायला कुणीतरी (बहुधा बाईनेच) घरी अडकून पडण्याचं कारण संपलं. माझ्या मते कुठल्याही अ‍ॅपपेक्षा ही सुधारणा मोठी. चोवीस तास नळ म्हणजे नासाडी, असा आक्षेप येतो. पण तिथे मीटर आहेत, वापर वाढला की दरही चढतो. शिवाय साठवलेलं ‘शिळं’ पाणी रोज ओतून देण्याची गरज उरत नाही. वाचलेला वेळ मोबाईलमध्येच जाईल म्हणता? काहींचा जाईलही, तो ज्याचा त्याचा प्रश्न.