गुलाब तिला, टाळ्या त्याला!

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तळेगाव दाभाडेच्या आसपास सगळ्यात बिझी कोण असतं, माहितेय? चाकणचे प्रॉडक्शन मॅनेजर नव्हेत, मावळातले गुलाबवाले! तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कपासून पवन मावळापर्यंतच्या पॉलिहाऊसमध्ये देशविदेशातल्या व्हॅलेंटाइन डेसाठी लाल गुलाब पिकतो. १४ फेब्रुवारीला फूल हातात पडायचं तर झाडाची छाटणी डिसेंबरातच करावी लागते. जानेवारीच्या अखेरीपासून परदेशी जाणारा माल तोडायचा, दांड्याच्या लांबीप्रमाणे निवडायचा, कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवायचा आणि विमानानं रवाना करायचा. आपल्याकडच्या बाजाराची फुलं त्यानंतर. थोडक्यात, एका दिवसासाठी दोन महिने राबायचं.

एवढ्या कष्टानं पिकलेला गुलाब ज्यांच्या हातात पडतो, त्यातल्या काही जणींच्या (आणि काही जणांच्याही!) पोटात मात्र त्या दिवशी गोळा आलेला असतो. ‘आज काय बिनसणार?’ हा प्रश्न सकाळपासून डोक्यात. वाढदिवस, अ‍ॅनिव्हर्सरी, पाडवा, व्हॅलेंटाइन डे... ज्या दिवशी आनंद व्हायला हवा, नेमका त्याच दिवशी राडा. एकदा झालं तर योगायोग. दर वेळी होत असेल तर मामला वेगळा आहे.

आरशात बघणारा जोडीदार

नार्सिसस हा ग्रीक कथेतला देखणा तरुण. पाण्यातल्या स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळला आणि तिथेच झुरून संपला. त्याच्यावरून ‘नार्सिसिस्ट’ हा शब्द आला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या ‘डीएसएम’ या मानसिक आजारांच्या यादीत ‘नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ला १९८० साली जागा मिळाली. नऊ लक्षणं दिलेली आहेत, त्यातली किमान पाच कायमस्वरूपी असतील तर निदान होतं. आपण कुणीतरी खास आहोत ही भावना, सतत कौतुकाची भूक, आपल्याला सगळं मिळायलाच हवं असा हक्क, दुसऱ्याचा वापर करून घेणं आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याची फिकीर नसणं, ही त्यातली ठळक. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत असे लोक ६.२ टक्के निघाले, पुरुषांत ७.७ आणि स्त्रियांत ४.८ टक्के. म्हणजे ही काही फक्त पुरुषांची मक्तेदारी नाही. आणि हो, डिसऑर्डर नसली तरी स्वभावात हा रंग कमी-जास्त प्रमाणात असू शकतो. निदान करणं डॉक्टरचं काम. आपण फक्त वागणं बघायचं.

सणाच्या दिवशी हे लोक काय करतात?

शो मस्ट गो ऑन. समजा, ती चाकणला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, तो हिंजवडीत. १४ तारखेला तो तिच्या ऑफिसात भलामोठा बुके पाठवतो. सगळा फ्लोअर ‘वॉव’ करतो. रात्री कॅन्डललाइट डिनर. वेटरकडून चार अँगलनी फोटो, लगेच पोस्ट. मग उरलेला वेळ तो कॉमेंट्स वाचत बसतो! ती दिवसभर उभी होती, पाय दुखताहेत, तिला घरी जाऊन वरणभात खायचा होता, हे त्यानं विचारलेलंच नाही. गिफ्ट तिच्या नावावर, पण प्रेक्षक भलतेच.

आदल्या रात्रीचं भांडण. पवना धरणाकाठचा टेंट बुक आहे, बॅग भरून झालीय. आणि १३ तारखेला रात्री अकरा वाजता भांडण सुरू. विषय काहीही चालतो. तिनं फोन उशिरा उचलला, ड्रेसचा रंग, मागच्या वर्षीचा कुठला तरी टोमणा. असं का? कारण अशा दिवशी दुसऱ्याला काहीतरी द्यायचं असतं, दुसऱ्याच्या आनंदात आनंद मानायचा असतो. स्पॉटलाइट वाटून घेणं यांना जमत नाही. भांडण झालं की सगळं लक्ष पुन्हा त्यांच्याकडे. ती रडतेय, मनवतेय, सॉरी म्हणतेय. दिवस कुणाचा झाला?

‘तू फारच मटेरिअलिस्टिक आहेस.’ स्वतःच्या वाढदिवसाला आठवडाभर सेलिब्रेशन हवं असणारा माणूस तुमचा दिवस विसरतो. तुम्ही बोललात तर, ‘हे सगळं मार्केटिंग आहे, तुला गिफ्टचंच पडलंय.’ व्हॅलेंटाइन डे मार्केटिंग आहे हे खरंच! पण मग त्याच्या नव्या फोनच्या वेळी हे तत्त्वज्ञान कुठे जातं?

उधारीचं प्रेम. आज दिलेला नेकलेस सहा महिन्यांनी भांडणात बिलासकट बाहेर येतो. ‘एवढं केलं मी तुझ्यासाठी, आणि तू माहेरी जायचं म्हणतेस?’ लग्न झालेल्यांना हे पाडव्याच्या ओवाळणीत ओळखीचं वाटेल. ताटात पडलेल्या साडीचा हिशोब पुढच्या पाडव्यापर्यंत चालू.

गायब आणि हजर. १२ तारखेपासून फोन बंद, मेसेज नाही. १६ला उगवणार, हातात चॉकलेट. किंवा ब्रेकअपला वर्ष झालं तरी नेमका १४च्या रात्री ‘मिस यू’ येणार. इंग्रजीत याला ‘हूव्हरिंग’ म्हणतात, व्हॅक्यूम क्लीनरच्या एका कंपनीवरून. पुन्हा आत ओढून घ्यायचं! तुमची आठवण येते म्हणून नव्हे, तर तुम्ही अजून धावत येता का, हे बघायला.

मग आपण अडकतो का?

कारण सुरुवात झकास असते. पहिल्या महिन्यात रोज फूल, तासातासाला मेसेज, दुसऱ्याच भेटीत लग्नाच्या गप्पा. या ‘लव्ह बॉम्बिंग’चं नाव मुळात १९७०च्या दशकात युनिफिकेशन चर्च नावाच्या पंथाच्या संदर्भात गाजलं, नव्या माणसाला प्रेमानं इतकं भिजवायचं की त्यानं प्रश्नच विचारू नयेत. पुढे प्रेम आटतं, पण पूर्ण थांबत नाही. अधूनमधून एखादा गोड दिवस मिळतो. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं, की बक्षीस दर वेळी न मिळता कधीतरी, बेभरवशानं मिळालं तर ते मिळवण्याची खटपट लवकर सुटत नाही. लॉटरीचं तिकीट घेणाऱ्याला विचारा! १४ फेब्रुवारी ही तशीच लॉटरी होऊन बसते. ‘मागच्या वर्षी किती छान गेला होता...’

त्यात गॅसलायटिंग. पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८च्या ‘गॅस लाइट’ या नाटकातला नवरा लपूनछपून करत असलेल्या उद्योगांमुळे घरातले दिवे मंद होतात, आणि बायकोला मात्र ‘तुला भास होतोय’ असं पटवत राहतो. आपल्याकडची आवृत्ती साधी असते: ‘मी असं बोललोच नाही. तू ओव्हररिअ‍ॅक्ट करतेस.’ हे वर्षभर ऐकलं की माणूस स्वतःच्याच आठवणीवर शंका घ्यायला लागतो.

२००२ साली कीथ कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसलं, की नार्सिसिस्टिक माणसं प्रेमाकडे खेळासारखं बघतात. हुकूम आपला आणि मोकळीकही आपली. तुम्ही नातं निभावत असता, समोरचा मॅच खेळत असतो.

थांबा, लगेच शिक्का नको!

गुलाब विसरला म्हणजे नार्सिसिस्ट, असं अजिबात नाही. सेकंड शिफ्ट सुटायला मध्यरात्र होते. मार्च एंडिंग डोक्यावर असतं. होम लोनचा हप्ता गेल्यावर कॅन्डललाइट डिनर परवडत नाही. काहींच्या घरी ‘आय लव्ह यू’ म्हणायची पद्धतच नसते. ते सकाळी न सांगता तुमच्या गाडीत पेट्रोल भरून ठेवतात. फरक कुठे कळतो? तुम्ही ‘मला वाईट वाटलं’ म्हणता तेव्हा. साधा माणूस आधी गडबडतो, कदाचित चिडतोही, पण नंतर ऐकतो आणि पुढच्या वेळी थोडं तरी बदलतो. दुसरा मात्र तुमच्या दुखण्याचाच गुन्हा करतो. म्हणून एका दिवसावरून ठरवू नका. मागचे चार-पाच खास दिवस आठवा.

स्वतःला विचारा

• आनंदाचा दिवस जवळ आला की मला टेन्शन येतं का?
• त्या दिवशी काय करायचं, हे मला कधी विचारलं जातं का?
• चारचौघांतलं प्रेम आणि दार बंद झाल्यावरचं वागणं, यात जमीनअस्मानाचा फरक आहे का?
• भांडण कुणीही सुरू केलं तरी सॉरी मीच म्हणते/म्हणतो का?
• माझ्या प्रमोशनची बातमी सांगायला मला भीती वाटते का?

तीन-चार उत्तरं ‘हो’कडे झुकत असतील तर गप्प बसू नका.

मग करायचं काय?

तो दिवस फक्त त्याच्या मूडवर सोडू नका. स्वतःचा एक छोटा प्लॅन ठेवा. मैत्रिणीबरोबर चहा, आईकडे जेवण, काहीही. बाहेर मुक्कामी जात असाल तर लोकेशन एका मैत्रिणीला शेअर करा आणि परतीचे पैसे व वाहन स्वतःच्या हातात ठेवा. रुसव्याच्या मागे धावू नका. ‘मी असं म्हणालोच नव्हतो’च्या वादात पडण्यापेक्षा काय झालं ते तारखेसह लिहून ठेवा, आपली आठवण शाबूत आहे हे कळायला ते पुरतं. पगाराचं खातं आणि एटीएमचा पिन स्वतःकडेच. ‘माझ्या प्रेमानं तो बदलेल’ या भरवशावर लग्नाची तारीख काढू नका. बदल होऊ शकतो, पण त्यासाठी त्यानं स्वतः थेरपीला जायला हवं, आणि टिकून राहायला हवं.

मारहाण नाही, म्हणजे छळ नाही, असंही समजू नका. २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६पासून लागू आहे. त्यात शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाच मानला आहे. पत्नीबरोबरच लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही त्याचं संरक्षण मिळतं. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, तातडीच्या वेळी ११२. मनावर ताण येत असेल तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत नंबर स्त्री-पुरुष दोघांसाठी चोवीस तास आहे. सोडून जायचं ठरलंच, तर ते समोरासमोर एकट्यानं जाहीर करू नका. घरच्यांना किंवा मित्रमैत्रिणींना आधी सांगा, कागदपत्रं हलवा, मग बोला.

आणि १४च्या रात्री तो ‘मिस यू’ आलाच, तर उत्तर द्यायची घाई नको. फोन पालथा ठेवा आणि निवांत झोपा. सकाळी उठल्यावर त्या लिहिलेल्या तारखा एकदा वाचा, आणि मगच काय ते ठरवा.