डॉ. मॅथ: पत्रातून शिकवलेलं बीजगणित

√(क्ष + ७) = क्ष − ५. नववी-दहावीतली एखादी मुलगी हे समीकरण घेऊन बसते. दोन्ही बाजूंचा वर्ग करते, पदं एकीकडे आणते, क्ष² − ११क्ष + १८ = ० असं वर्गसमीकरण मिळतं, अवयव पाडते आणि दोन उत्तरं लिहिते: ९ आणि २. पुस्तकाच्या मागच्या पानावर मात्र एकटा ९. ती सगळ्या पायऱ्या पुन्हा तपासते. चूक सापडत नाही, कारण हिशेबात चूक नाहीच. रात्र झालेली, गणिताच्या बाई थेट उद्या भेटणार, घरात कुणाला बीजगणित आठवत नाही.

अशी अडलेली मुलं १९९४ पासून पुढची वीसेक वर्षं ‘डॉ. मॅथ’ना ईमेल पाठवत असत. डॉ. मॅथ नावाचा माणूस अस्तित्वात नव्हता. होती ती स्वयंसेवकांची एक मोठी फळी, आणि तिच्यातला प्रत्येक जण पत्राखाली ‘डॉक्टर अमुक’ अशी सही करायचा. कुणी निवृत्त प्राध्यापक, कुणी अभियंता, कुणी प्रोग्रॅमर, कुणी कॉलेजात शिकणारा. यातल्या किती जणांकडे खरी डॉक्टरेट होती हे विचारणाऱ्याला कळत नसे, आणि त्यानं काही अडतही नसे.

सुरुवात अमेरिकेत, फिलाडेल्फियाजवळच्या स्वार्थमोर या छोट्या कॉलेजात झाली. तिथले गणिताचे प्राध्यापक जीन क्लॉट्झ भूमितीच्या अध्यापनात रमलेले होते. संगणकावर भूमितीच्या आकृत्या हलवून बघायचं ‘जिऑमिटर्स स्केचपॅड’ हे प्रसिद्ध सॉफ्टवेअर निक जॅकिव यांनी लिहिलं, ते क्लॉट्झ आणि डोरिस शॅटश्नायडर यांच्याच प्रकल्पातून बाहेर आलेलं. पुढे क्लॉट्झ यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी अनुदानसंस्थेच्या पैशातून भूमितीच्या शिक्षकांना इंटरनेटवर एकत्र आणणारं एक केंद्र उभारलं. त्याचंच पुढे ‘मॅथ फोरम’ झालं. १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये त्या केंद्रात ‘आस्क डॉ. मॅथ’ सुरू झालं तेव्हा पहिले डॉक्टर होते स्वार्थमोरचेच विद्यार्थी, म्हणजे विचारणाऱ्यांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी मुलं. कल्पना साधी होती: शाळेत वेब पोचलेलं नसलं तरी ईमेल कुठूनतरी पाठवता येतं, मुलांनी विचारावं, आम्ही उत्तर देऊ.

कल्पना साधी असली तरी उत्तर देणं साधं नव्हतं, आणि या संस्थेची खरी गंमत इथेच आहे. ज्याला गणित येतं त्याला वाटतं, उदाहरण सोडवून दाखवलं की झालं. वर्गात तसं चालूनही जातं, कारण समोर चेहरे असतात. कुणाच्या कपाळावर आठी पडली की शिक्षक मागे वळतो. ईमेलमध्ये चेहरा नाही. चार ओळींच्या प्रश्नावरून मुलगा नेमका कुठे अडलाय हे ओळखायचं, त्याची भीती, घाई आणि आळस यांतला फरक करायचा, आणि एकच पत्र असं लिहायचं की पुढची पायरी त्यानं स्वतः टाकावी. हे गणिताचं काम आहे त्याहून जास्त वाचनाचं आहे.

म्हणून नव्या स्वयंसेवकाला थेट उत्तर पाठवायची परवानगी नसे. त्यानं लिहिलेलं पत्र आधी थांबवून ठेवलं जाई. अनुभवी डॉक्टर ते वाचत, शेरे देत: इथे तू उत्तरच सांगून टाकलंस, इथे गृहीत धरलंस की तिला अवयव पाडता येतात, हे बरोबर आहे, पण सातवीतल्या मुलाला हा शब्द माहीत नसेल. दुरुस्त झालेलं पत्रच मुलापर्यंत पोचायचं. पुरेशी पत्रं अशी चाळणीतून गेली की मग तो स्वतंत्र. माझ्या मते डॉ. मॅथचं सर्वांत मोठं योगदान ही उमेदवारीच आहे. मुलांना फुकट उत्तरं देणाऱ्या जागा त्यानंतर पुष्कळ निघाल्या. उत्तर देणाऱ्यालाच शिकवणाऱ्या फार थोड्या.

मघाच्या मुलीला असं पत्र कसं येईल? ‘२ चुकीचं आहे’ असं त्यात नसेल. ‘तुझ्या दोन्ही उत्तरांचा मूळ समीकरणात ताळा करून बघ’ असं असेल. ९ घातला तर डावीकडे √१६ म्हणजे ४, उजवीकडेही ४. २ घातला तर डावीकडे ३ आणि उजवीकडे उणे ३. आता पुढचा प्रश्न: या दोघांचे वर्ग सारखे आहेत ना? मग तुझ्या कुठल्या पायरीवर ही चिन्हं पुसली गेली? वर्ग करणं ही मागे न फिरता येणारी पायरी आहे, हे तिला तिच्याच वहीत सापडतं. पुस्तकातली ‘उत्तर तपासून घ्यावे’ ही सूचना तिनं शंभरदा वाचलेली असते. ती सूचना का दिली, हे आता कळतं.

त्रिकोणमितीत तर असा माल ढिगानं येतो. साइन (अ + ब) म्हणजे साइन अ अधिक साइन ब, असं लिहिणारं मूल दर वर्षी दर वर्गात निघतंच. त्याला सूत्र फेकून मारण्यात अर्थ नाही. ३० आणि ६० अंश घे म्हणावं. बेरजेचं साइन म्हणजे ९० अंशाचं, ते १. वेगवेगळी साइन ०.५ आणि सुमारे ०.८६६, बेरीज १ च्या वर जाते. साइन १ च्या वर जाऊच शकत नाही, हे त्याला ठाऊक असतं. आता भांडण त्याचं स्वतःशीच आहे, शिक्षकाशी नाही. आपल्याकडे गाईडमध्ये नेमका हाच भाग गाळलेला असतो: सोडवलेलं उदाहरण छापलेलं, पण मूल कुठे घसरतं त्याचा पत्ता नाही.

या सगळ्यात आणखी एक अडचण होती, निव्वळ टंकलेखनाची. साध्या ईमेलमध्ये ना घातांक वर चढवता येत, ना अपूर्णांकाची आडवी रेघ मारता येत. त्रिकोण काढायचा तर तिरक्या रेघा आणि टिंबं एकाखाली एक रचायची, आणि वाचणाऱ्याच्या संगणकावर अक्षरांची रुंदी वेगळी असली की त्रिकोण कोसळायचा. १/२क्ष असं लिहिलं तर क्ष छेदात आहे की बाहेर? अशा वेळी डॉक्टर उत्तर द्यायच्या आधी कंस घालून परत पाठवत: तुला हे म्हणायचंय की ते? कित्येकदा मुलाची अडचण तिथेच सुटे, कारण वहीतही त्यानं कंस खाल्लेला असे. कंसाविषयीची ही चिकाटी मला त्रासदायक न वाटता फार देखणी वाटते.

दुसरी शिस्त जपून ठेवण्याची. निवडक पत्रव्यवहार नावं काढून, नीट संपादित करून, इयत्ता आणि विषयानुसार लावून सगळ्यांसाठी खुला ठेवला जाई. ०.९९९… म्हणजे खरंच १ का? शून्यानं भागलं तर काय बिघडतं? शून्याचा शून्यावा घात किती? हे प्रश्न इतक्या वेळा आले की त्यांची कायमची उत्तरं तयार झाली. महिन्याला हजारो प्रश्न येऊ लागल्यावर सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नव्हतं; डॉक्टर आपापल्या आवडीचे प्रश्न उचलत आणि पुष्कळ प्रश्न तसेच राहत. राहून गेलेल्यांसाठी हा संग्रह. बीजगणितावरची आणि भूमितीवरची पत्रं पुढे पुस्तकरूपानंही आली.

हेच नाव दक्षिण आफ्रिकेत मात्र अगदी वेगळ्या वेषात दिसलं. तिथे २००७ मध्ये प्रिटोरियाच्या मेराका इन्स्टिट्यूटमधल्या लॉरी बुटगेराइट यांनी मोबाईलवर ‘डॉ. मॅथ’ सुरू केलं. त्या काळी तिथल्या शाळकरी मुलांच्या हातात संगणक नव्हते, पण साधे फोन होते आणि त्यांवर मिक्सिट ही स्टेलनबॉशची गप्पांची सेवा होती. एसएमएसच्या मानानं ती जवळजवळ फुकट. मोठी माणसं मिक्सिटला नावं ठेवत होती. बुटगेराइट यांनी मुलं जिथे आहेत तिथेच गणित नेलं. बारा बटणांवर तोडक्यामोडक्या स्पेलिंगनं प्रश्न येत, आणि पलीकडे प्रिटोरिया विद्यापीठाचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी संगणकावर बसून एकाच वेळी अनेक मुलांशी बोलत. यातले पुष्कळ जण अभ्यासक्रमातल्या सक्तीच्या समाजसेवेचा भाग म्हणून येत, तेव्हा ‘स्वयंसेवक’ हा शब्द इथे थोडा सैल धरावा लागतो. मुलांचे फोन नंबर शिकवणाऱ्याला दिसत नसत, शिकवणाऱ्याची ओळख मुलांना कळत नसे आणि सगळं संभाषण नोंदवलं जाई. अनोळखी मोठ्यांना मुलांशी बोलू द्यायचं तर ही काळजी आधी घ्यायला हवी, हे त्यांनी फार लवकर ओळखलं होतं.

पत्र आणि गप्पा यांत मी पत्राच्या बाजूचा. गप्पांमध्ये लगेच मागे फिरता येतं हे खरं, पण एका वेळी दहा जणांना सांभाळणारा माणूस सूत्र सांगून मोकळा होण्याचा मोह किती आवरणार? पत्राला एक दिवस उशीर होतो. त्या दिवसात मूल कधीकधी स्वतःच सुटतं.

मिक्सिट २०१५ मध्ये बंद पडलं. स्वार्थमोरच्या केंद्रानंही घरं बदलली: आधी वेबसीटी या कंपनीकडे, मग फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात, आणि २०१५ मध्ये गणित-शिक्षकांच्या अमेरिकी राष्ट्रीय परिषदेकडे. अनुदान नवं काही उभं करायला मिळतं. रोज संध्याकाळी तेच काम चालू ठेवायला कुणी पैसे देत नाही. स्वयंसेवक फुकट असले तरी पत्रं चाळणारे, लावून ठेवणारे, यंत्रणा चालवणारे फुकट नसतात. काही वर्षांत नवे प्रश्न घेणं थांबलं.

मग २०१८ मध्ये जुन्या स्वयंसेवकांतल्या काही जणांनी ‘द मॅथ डॉक्टर्स’ नावानं स्वतःच काम पुन्हा सुरू केलं. संस्था नाही, अनुदान नाही. ते नवे प्रश्न घेतात, आणि त्याच्या जोडीला जुन्या संग्रहातली पत्रं काढून त्यांवर लिहितात: हे उत्तर तेव्हा असं दिलं होतं, मुलाचा प्रश्न खरं तर दुसराच होता, आज दिलं तर सुरुवात कुठून करू.