निवाडा झाला, वसुली कोणी करावी?

मात्स्यन्याय शिकवितांना एका विद्यार्थ्यानें मला विचारलें होतें, “गुरुजी, मोठा मासा लहानास गिळतो, यांत न्याय तो कोणता?” निकाराग्वाचा खटला वाचतांना तो प्रश्न आठवतो.

अमेरिकेनें आमच्या बंदरांत सुरुंग पेरले, बंडखोरांस शस्त्रें पुरविलीं, अशी फिर्याद त्या चिमुकल्या राष्ट्रानें १९८४ मध्यें हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांत गुदरली. अधिकारक्षेत्राचा आक्षेप फेटाळला जातांच, पुढील जानेवारींत अमेरिका खटल्यांतून उठून गेली. २७ जून १९८६ रोजीं निकाल लागला. अध्यक्षस्थानीं आपले नगेंद्रसिंह होते. १२ विरुद्ध ३ मतांनीं अमेरिका दोषी ठरली व भरपाईस पात्र झाली.

पण ती वसूल कोणी करावी? पक्षकार निवाडा मानीत नसेल तर सनदेप्रमाणें दाद मागावयाची ती सुरक्षा परिषदेकडे. आणि तेथें नकाराधिकार प्रतिवादीच्याच हातीं! गांवच्या चावडींतसुद्धां प्रतिवादीस पंच म्हणून कोणी बसवीत नसे. त्याच ऑक्टोबरांत, निवाड्याचें पालन व्हावें असा ठराव आला. ११ मतें अनुकूल पडलीं; अमेरिकेच्या एका मतानें तो बारगळला.

१९९१ मध्यें, भरपाईची कवडीही हातीं न येतां, निकाराग्वाच्या नव्या सरकारनें आपला दावा काढून घेतला.