नगरपालिकेवर नजर कुणाची? (लेखांक ६ : नळ, बंब आणि नोंदवह्या)

आज सकाळी तुमच्या नळाला जे पाणी आले, त्यात क्लोरीन किती होते? हे गावात फार तर दोघांना ठाऊक असते. एक, ज्याने टाकीवर क्लोरीन सोडले तो. दुसरा, ज्याने नोंदवहीत आकडा लिहिला तो. लहान गावात हे दोघे बहुधा एकच असतात, आणि आठवड्याचे आकडे कधी कधी एका बैठकीत लिहून होतात. घरपट्टी कशी ठरते, ते मागच्या लेखांकात पाहिले. त्या पट्टीतून ज्या सेवा चालतात त्यांच्यावर लक्ष कोण ठेवतो, ते या वेळी पाहू.

कायद्याने काम कुणाचे, याबद्दल संदिग्धता नाही. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम १९६५ सालचा. त्याच्या कलम ४९ मध्ये नगरपरिषदेची कर्तव्ये दिली आहेत. त्यांत रस्त्यावरची दिवाबत्ती आहे, आग विझवणे आहे, पाणी आहे, गटारे आहेत. ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतल्या अठरा विषयांतही पाणीपुरवठा आणि अग्निशमन आहेत. पोलीस मात्र या यादीत नाहीत, ते राज्य सरकारचे. त्यामुळे चौकातला सीसीटीव्ही नगरपालिका बसवते आणि त्याचा पडदा ठाण्यात असतो. कॅमेरा बंद पडला की दोन्हीकडची माणसे एकमेकांकडे बोट दाखवतात. शांतता समितीच्या बैठकीत नगरसेवक आणि पोलीस निरीक्षक समोरासमोर येतात, पण नगरसेवकाला तिथे विनंती करता येते, जाब विचारता येत नाही.

आता पाणी. बहुतेक लहान गावांत ते रोज येत नाही. दिवसाआड, चार दिवसांनी, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. आपण याकडे गैरसोय म्हणून पाहतो, पण खरा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. नळाला पाणी असते तेव्हा वाहिनीत दाब असतो. फट असली तर पाणी बाहेर जाते, बाहेरचे आत येत नाही. पाणी बंद झाले की वाहिनी रिकामी होते आणि शेजारून गेलेल्या गटाराचे पाणी त्याच फटीतून आत झिरपते. पुढच्या वेळी पाणी सुटते तेव्हा पहिल्या लोटाबरोबर ती घाण आधी घरात येते. शुद्धीकरण केंद्रावर पाणी कितीही निर्मळ केले, तरी वाटेत हे घडते. म्हणून तपासणी टाकीखाली करून उपयोग नाही, ती गावाच्या शेवटच्या टोकाला करायला हवी.

त्या तपासणीला फारसे काही लागत नाही. नळ थोडा वाहू द्यायचा, काचेच्या छोट्या नळीत पाणी घ्यायचे, त्यात ऑर्थोटोल्युडिनचे थेंब टाकायचे. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, जसेच्या तसे राहिले तर नाही. सरकारी कागदांत आणि कर्मचाऱ्यांच्या तोंडी तिला ओटी टेस्ट म्हणतात. डीपीडी गोळ्यांचे किटही मिळते, त्यात रंग गुलाबी येतो. पिवळा किंवा गुलाबी किती गडद, ते सोबतच्या रंगपट्टीवर जुळवून आकडा काढायचा. भारतीय मानकाप्रमाणे नळापाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवे. साथीचा धोका असेल तर ०.५. दहावीतला मुलगा पाच मिनिटांत हे करू शकतो. तरीही कित्येक गावांत नोंदवहीत फक्त टाकीवरचा आकडा सापडतो. टाकीवर तो चांगला यायचाच. शेवटच्या गल्लीतला आकडा लिहायचा तर आधी त्या गल्लीत जावे लागते.

खेड्यांसाठी निदान एक बरी पद्धत आहे. आरोग्य विभाग वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांचे सर्वेक्षण करतो आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. लाल कार्ड मिळाले की सरपंचाला गावात तोंड दाखवणे अवघड होते. पाण्यात टाकायची टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर संपली होती की जुनी होऊन निकामी झाली होती, हे चव्हाट्यावर येते. असे रंगीत कार्ड नगरपालिकेच्या दारावर लागलेले मी तरी पाहिलेले नाही. लोकसंख्या वाढली, ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, आणि त्याच पाण्यावरची ही साधी उघड देखरेख मात्र मागे राहिली, असे काहीसे होते.

विजेशी तुलना केली तर हे जास्त खटकते. महावितरणला दर वाढवायचा असेल तर वीज नियामक आयोगापुढे जावे लागते. तिथे जनसुनावणी होते, ग्राहकांच्या संघटना आकडेमोड घेऊन उभ्या राहतात. खंडित वीज किती तासांत पूर्ववत करायची, हे ठरलेले आहे. ते न पाळल्यास ग्राहक भरपाई मागू शकतो, त्यासाठी तक्रार निवारण मंच आहे. पाण्यासाठी २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले, पण ते धरणातल्या घाऊक पाण्याचा दर ठरवते. तुमच्या नळाला पाणी किती वेळ यावे, कोणत्या दाबाने यावे, कसले यावे, हे विचारणारा त्रयस्थ कुणीच नाही. पाणी देणारी नगरपालिका, तपासणारी नगरपालिका आणि तक्रार ऐकणारीही नगरपालिकाच. परीक्षार्थीनेच पेपर तपासावा, अशी ही व्यवस्था आहे.

मग चांगले कुठे घडले आहे का? घडले आहे, आणि ते फार लांब नाही. कराडला लागून पुणे-बेंगळुरू महामार्गावर मलकापूर आहे. तिथे महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या योजनेतून कोयनेचे पाणी चोवीस तास देण्याचा प्रयोग झाला, आणि एवढ्या लहान गावाने तो यशस्वी केला म्हणून पंतप्रधानांचा सार्वजनिक प्रशासनातील उत्कृष्टतेचा पुरस्कारही मिळाला. चर्चा झाली ती ‘चोवीस तास’ या शब्दांची. माझ्या मते महत्त्वाची गोष्ट होती प्रत्येक जोडणीवरचा मीटर. मीटर आला की टाकीतून किती सोडले आणि घराघरात किती पोहोचले, याचा ताळा बसतो. फरक दिसला की गळती शोधावी लागते, चोरटी जोडणी शोधावी लागते. जास्त वापराला चढता दर लावता येतो. म्हणजे मीटर पाणीपट्टी वाढवण्याचे यंत्र आहे, तसेच नगरपालिकेचा हिशेब नागरिकांपुढे उघडा करणारेही. मीटरला विरोध होतो तो बहुधा पहिल्या कारणासाठी, आणि हा विरोध नगरसेवकांना मानवतो तो बहुधा दुसऱ्या कारणासाठी. वर्षाला ठोक पाणीपट्टी असली की कुणालाच कसला ताळा द्यावा लागत नाही.

अग्निसुरक्षेची कथा वेगळी आहे. इथे कायदा चांगला आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. परवानाधारक एजन्सीकडून दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत ती तपासून घ्यायची आणि तसे प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचे. न दिल्यास नोटीस, आणि धोका गंभीर असेल तर इमारतीचे वीज-पाणी तोडण्यापर्यंतचे अधिकार कायद्यात आहेत.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात अर्भकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. कक्षात सतरा बाळे होती. सात वाचवता आली, दहा गेली. रुग्णालयाला अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्रच नव्हते, हे नंतर समोर आले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि अकरा रुग्ण दगावले. दर वेळी चौकशी समिती नेमली गेली, निलंबने झाली, राज्यभरच्या रुग्णालयांचे फायर ऑडिट करण्याचे आदेश निघाले.

या घटनांनंतर सगळी चर्चा रुग्णालय प्रशासनावर आली, आणि ते योग्यच होते. पण लहान गावात जिल्हा रुग्णालयाला, तहसील कार्यालयाला, सरकारी वसतिगृहाला अग्निसुरक्षेची नोटीस काढायची म्हणजे नेमके काय, याचा विचार करा. ‘क’ वर्ग नगरपालिकेत पूर्णवेळ, प्रशिक्षित अग्निशमन अधिकारी असेलच असे नाही. बंब असतो, चालक असतो, चार फायरमन असतात, त्यांतले काही कंत्राटी. कागदावर प्रभार एखाद्या अभियंत्याकडे. या अभियंत्याने जिल्हा शल्यचिकित्सकांना लिहायचे, की तुमच्या इमारतीचा फॉर्म बी आलेला नाही, नाहीतर कारवाई करू. खालच्याने वरच्याला हटकायचे. आपल्या शासनव्यवस्थेत हे सहसा घडत नाही. खासगी लॉजला, मंगल कार्यालयाला नोटीस जाते, कारण तिथे जोर चालतो. सरकारी इमारतीला स्मरणपत्र जाते. बंब किती मिनिटांत पोहोचला, याची बातमी होते. फॉर्म बी किती इमारतींचा आलेला नाही, याची होत नाही. आग विझवण्याचा खर्च दिसतो, आग न लागू देण्याचा दिसत नाही. त्यामुळे अंदाजपत्रकातही नवा बंब लगेच मंजूर होतो आणि अग्निशमन अधिकाऱ्याचे पद रिक्त राहते.

पथदिव्यांबद्दल थोडक्यात. खांब महावितरणचा, दिवा नगरपालिकेचा, आणि बिल थकले की अंधार लोकांचा. खांबात करंट उतरून अपघात झाला तर चौकशी राज्याच्या विद्युत निरीक्षकाकडे जाते. त्याचा अहवाल नगरपालिकेच्या सभेपुढे ठेवला जावा, अशी मागणी कुणी करत नाही. करायला हवी.

म्हणजे शेवटी प्रश्न सभेपाशी येतो. नगरपालिकेवर वरून लक्ष ठेवणारे पुष्कळ आहेत. जिल्हाधिकाऱ्यांना कलम ३०८ खाली ठराव स्थगित करता येतो, आणि पराभूत गट ते दार नेहमी ठोठावतो. स्थानिक निधी लेखापरीक्षण विभाग हिशेब तपासतो, आक्षेप काढतो. पण हे दोन्ही बहुतेक पैशाभोवती आणि प्रक्रियेभोवती फिरतात. निविदा नियमाने निघाली का, हे लेखापरीक्षक पाहतो. त्या निविदेतून आलेली टीसीएल पावडर टाकीत पडली का, हे तो पाहत नाही. ते पाहणे सभागृहाचे काम, पाणीपुरवठा समितीचे काम. सभेची विषयपत्रिका वाचली की कळते, किती वेळ कशावर जातो. रस्त्यांची कामे पहिल्या पानावर, भूखंडांचे विषय पुढे, आणि सगळ्यांत रंगतदार मजकूर ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात. पाण्याच्या नमुन्यांचा अहवाल मी विषयपत्रिकेवर क्वचितच पाहिला आहे.

त्यात मधली काही वर्षे सभागृहच नव्हते. २०१६-१७ मध्ये निवडून आलेल्या बहुतेक नगरपालिकांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली, आणि ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात निवडणुका अडकल्या. त्या काळात प्रशासक होते, अनेक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक. प्रस्ताव मांडणारा तो आणि मंजूर करणाराही तोच. कारभार वाईटच झाला, असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी कामे वेगाने झाली. पण प्रश्न विचारायची सवय मोडली. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि नवे सभागृह बसले. नव्या नगरसेवकांतले बरेच जण पहिल्यांदा आलेले आहेत. त्यांना प्रभागातला रस्ता मागायला कुणी शिकवावे लागत नाही, पण क्लोरीनची नोंदवही मागायला शिकवावे लागेल. ते काम तुमचे-आमचे आहे.

त्याची सोय आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ मध्ये माहितीच्या अधिकाराची व्याख्या आहे. त्यात कागदाची प्रत मिळण्याबरोबरच कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणेही येते. शिवाय राज्य सरकारच्या २०१८ च्या निर्णयाप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थांची कार्यालये दर सोमवारी दुपारी तीन ते पाच अभिलेख पाहण्यासाठी खुली असायला हवीत. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी. एकट्याने जाऊ नका. वाचनालयातले, ज्येष्ठ नागरिक संघातले चौघे बरोबर घ्या. मागायच्या गोष्टी तीन : गेल्या तीन महिन्यांची शेवटच्या टोकावरची क्लोरीनची नोंद, गावातल्या सरकारी इमारतींच्या फॉर्म बीची यादी आणि लेखापरीक्षणातले न मिटलेले आक्षेप. नोंदवही ‘साहेबांच्या कपाटात आहे’ असे उत्तर मिळाले, तर ते लेखी मागा, तारखेसकट. आणि काय मिळाले, काय मिळाले नाही, ते आम्हाला कळवा. पुढच्या लेखांकाचा विषय घनकचरा आणि त्याचे ठेके हा आहे, पण तुमच्या गावच्या नोंदवह्यांना तिथे जागा राखून ठेवली आहे.