माजघरात शिरलेले घुबड

गेल्या थंडीत, भाताची मळणी नुकतीच आटोपली होती त्या दिवसांत, खानापूर तालुक्यातील आमच्या धर्मग्रामातल्या एका घरून सकाळीच निरोप आला, "फादर, घरात घुबड शिरलंय, लवकर या." आम्ही पोहोचलो तेव्हा माजघरात दोघे जण काठ्या घेऊन उभे, एका मुलाच्या हाती केरसुणी, कुत्रा भुंकतो आहे, आणि घरच्या आजी उंबऱ्यावरून ओरडताहेत, "मारा त्याला, नाहीतर घरातलं कोणीतरी जाईल." घुबड तुळईवरून केव्हाच खाली पडले होते, आणि घरच्या बोक्याने त्याचा पंख तोंडात धरला होता.

बोक्याच्या तोंडून सोडवून पाहिले तर रक्ताचा एकच थेंब आणि दातांच्या दोन बारीक खुणा. "काही झालं नाही फादर, सोडा त्याला," असे सर्वांचे मत पडले. आमचेही तेच मत होते. अंधार पडल्यावर सोडू म्हणून टोपलीखाली ठेवले. संध्याकाळी टोपली उचलली तर ते उडेना. तिसऱ्या दिवशी मेले.

मागाहून जनावरांच्या डॉक्टरांशी बोललो तेव्हा चूक कळली. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात. मांजराला त्यांचा काही त्रास नसतो, पण दात सुईसारखे असल्याने ते जंतू थेट पक्ष्याच्या मांसात उतरतात, वरची जखम मिटते, आणि एकदोन दिवसांत विष सर्वांगात भिनते. म्हणून मांजराने धरलेला पक्षी वरून कितीही धडधाकट दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावा. वेळेवर औषध मिळाले तर काही वाचतात. माणसांच्या गोळ्या कुटून घालण्याचा उद्योग मात्र कोणी करू नये.

ते होते गव्हाणी घुबड. पांढरट, बदामाच्या आकाराच्या तोंडाचे. ते कोणाचा मृत्यू सांगायला आले नव्हते. कणगीत भात, भाताला उंदीर, आणि उंदरामागे घुबड, इतकाच तो मामला. या पक्ष्याचे पोट मुख्यतः उंदीर-घुशींवर चालते. हाडे आणि केस पचत नाहीत, त्यांचा काळपट गोळा करून ते ओकून टाकते. आमच्या चर्चच्या मनोऱ्याखाली असे गोळे पडतात. एक पाण्यात भिजवून सोडवला तर आत उंदरांच्या तीन कवट्या निघाल्या. मलेशियात तेलताडाच्या मळ्यांतून आणि इस्राएलात शेतांतून याच जातीच्या घुबडांनी राहावे म्हणून शेतकरी लाकडी पेट्या टांगतात, आणि आपण फुकट आलेल्याला काठीने हाणतो!

आता घरात पक्षी अडकला तर काय करावे ते सांगतो. पहिले काम पक्ष्याचे नव्हे, मांजर-कुत्र्याचे. त्यांना दुसऱ्या खोलीत कोंडावे. पंखा बंद करावा. मुलांना बाहेर काढावे, आणि मोठ्यांनीही बाहेर व्हावे.

बुलबुल, दयाळ, चिमणी असे दिवसाचे पक्षी घाबरले की वर आणि उजेडाकडे झेपावतात. आपल्या कौलारू घरांत वरचा उजेड येतो काचकौलातून. खाली दार सताड उघडे असले तरी पक्षी त्या काचेवरच डोके आपटत राहतो, कारण त्याच्या डोळ्यांना काच नसतेच, तिथे आकाश असते. आपण काठी हलवली की तो आणखी वर जातो. म्हणून छपरावर चढून काचकौलावर गोणपाट टाकावे, आतले दिवे मालवावे, आणि बाहेरचे एकच दार किंवा खिडकी पूर्ण उघडी ठेवावी. उजेडाची तेवढी एकच वाट उरली म्हणजे बहुधा थोड्या वेळात तो आपण होऊन निघून जातो.

घुबडाचे उलट. दिवसा त्याला हुसकू नये. बाहेर कावळे टपलेलेच असतात. त्याला दिवसा दिसत नाही ही समजूत खोटी आहे, पण दिवसा त्याला आडोसा हवा असतो. खोली बंद करून दिवसभर तुळईवर बसू द्यावे आणि तिन्हीसांजेला दिवा न लावता खिडकी उघडावी. सापासारखा फूत्कार करील, त्याने बिचकू नये.

जखमी असल्यामुळे हाती धरावेच लागले तर जाड पंचा किंवा घोंगडीचा तुकडा अंगावर टाकून, पंख मिटवून उचलावे. घुबडाची चोच राहो, नख्यांना जपावे. छाती मात्र आवळू नये. पक्षी छातीचे हाड पुढेमागे हलवून श्वास घेतो. मायेने घट्ट धरले तरी गुदमरून मरतो. भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवावे. तोंडात पाणी ओतू नये, दूध तर नाहीच.

खोके कोंबड्यांच्या खुराड्याजवळ नको. रानपक्ष्यांकडून कोंबड्यांना राणीखेत लागू शकतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा कोंबडीवाल्यांवर काय गुदरले ते पुष्कळांना आठवत असेल. पक्षी हाताळल्यावर साबणाने हात धुवावे, मगच खुराड्याकडे जावे. नखी लागली तर जखम धुऊन धनुर्वाताची सुई घ्यावी. पक्ष्याच्या ओरखड्याने कोणी पिसाळत नाही. पण त्या झटापटीत मांजर किंवा कुत्रा चावला तर दवाखाना टाळू नये. आणि आत शिरलेले पाखरू नसून वटवाघूळ असेल तर उघड्या हाताने मुळीच धरू नये.

उंदरांच्या औषधाविषयीही बोलले पाहिजे. ब्रोमाडिओलोन घातलेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त होऊन फिरतो, आणि असाच उंदीर घुबडाला आधी सापडतो. विष त्याच्याही पोटात जाते. ज्या माळ्यावर घुबड येते तिथे पिंजरा लावलेला बरा.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड मारणे किंवा पाळणे गुन्हा आहे. जखमी सापडल्यास वनखात्याला कळवावे. हे आम्ही त्या घरी सांगत असता ओसरीवरच्या पिंजऱ्यातला पोपट मध्येच ओरडला. आजींनी विचारले, "मग ह्याचं काय, फादर?" आपल्याकडचा रानपोपट पाळणेही त्याच कायद्याने मना आहे, असे सांगणे भाग पडले. मात्र वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेल्याला एकदम उडवून दिले तर तो दोन दिवसही जगायचा नाही. त्यालाही वनखात्याच्या माणसांकडेच सोपवावे. आजी अजून विचार करताहेत.