आरामाची प्रतवारी

दिवाळीच्या सुटीत बीड जिल्ह्यातून दोन प्रकारचे प्रवासी बाहेर पडतात. पहिल्या प्रकारात शिक्षक, कारकून, बँक कर्मचारी असा मध्यमवर्ग येतो. वर्षभर थोडेथोडे बाजूला टाकलेले पैसे आणि मिळाली तर रजा-प्रवास सवलत, यांच्या आधारे तो चार दिवस गोव्याला किंवा महाबळेश्वरला जाऊन येतो. दुसऱ्या प्रकारात ऊसतोड मजूर येतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांतून ते ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे, तर काही थेट कर्नाटकातील साखरपट्ट्याकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. दोघांची वाट बरेच अंतर एकच असते. पहिल्याच्या प्रवासाला सहल म्हणतात आणि दुसऱ्याच्या प्रवासाला स्थलांतर. या दोन प्रवासांत आराम नावाच्या वस्तूची किंमत कोण ठरवतो, ती कोणाकडून घेतली जाते आणि कोणाला तो आराम मागण्याचाही अधिकार नसतो, याचा विचार सहसा होत नाही.

विमानातील पडदा

बीडचा शिक्षक प्रथमच विमानाने गोव्याला निघाला, तर त्याला काय दिसते? पुण्यापर्यंतची रात्र एस.टी.त अवघडून काढल्यावर विमानतळाची थंडगार, चकचकीत इमारत त्याला सुखावते. पण तिकिटाबरोबर आराम येत नाही, तो स्वतंत्रपणे विकत घ्यावा लागतो, हे त्याला लवकरच उमगते. खिडकीजवळची जागा हवी तर वेगळे पैसे. पाय लांब करता येतील अशी रांग हवी तर आणखी पैसे. रांगेत आधी सोडावे असे वाटत असेल तर त्याचाही दर ठरलेला. आसनांच्या दोन रांगांत जेमतेम तीस इंचांच्या आसपास अंतर असते. समोरच्याने पाठ मागे टाकली की गुडघे आखडतात. काही विमानांत पुढच्या भागात एक पडदा असतो. त्यापलीकडे रुंद आसने, जेवणाचे ताट आणि अदबीने विचारपूस. पडदा कापडाचाच असतो, पण तो ओलांडण्याची किंमत कित्येकदा शिक्षकाच्या निम्म्या पगाराइतकी असते.

रिसॉर्टमध्ये याच्या उलट घडते. तेथे सारे काही ‘समाविष्ट’ असते. दारात सरबत मिळते, मनगटाला कागदी पट्टा बांधला जातो, पोहण्याचा तलाव मोकळा असतो आणि सकाळी न्याहारीच्या टेबलावर वीस पदार्थ मांडलेले असतात. पाहुणा पहिल्या दिवशी संकोचतो, दुसऱ्या दिवशी सरावतो आणि तिसऱ्या दिवशी टॉवेल वेळेवर बदलला नाही म्हणून तक्रार करतो. त्यात गैर काही नाही. वर्षभर खडूची धूळ खाणाऱ्या माणसाने चार दिवस दुसऱ्याने अंथरलेल्या स्वच्छ पलंगपोसावर झोपावे, ही इच्छा साधी आणि न्याय्य आहे.

आरामाची ही प्रतवारी शासनालाही मान्य आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार सामान्य वर्गाच्या विमान तिकिटावर ५ टक्के, तर त्यावरील वर्गांच्या तिकिटांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. हॉटेलची खोली दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्यावर गेली की १८ टक्के. म्हणजे सोय कोठे संपते आणि चैन कोठे सुरू होते, याची रेघ करखात्याने आखून दिली आहे.

छपराविना डबा

विमानातील सामान्य वर्ग इतका अडचणीचा का असतो? आसनांत चार इंच वाढवले तर रांगा कमी होतात व खर्च वाढतो, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. अधिक मार्मिक उत्तर ज्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंता-अर्थशास्त्रज्ञाने १८४९ मध्येच दिले होते. त्या काळी तिसऱ्या वर्गाच्या रेल्वे डब्यांना छप्पर नसे आणि बाके नुसत्या फळ्यांची असत. द्युपुईने दाखवून दिले की, छप्पर घालायला किंवा बाकांवर गादी चढवायला फारसा खर्च येत नव्हता. कंपनीचे गरिबांशी वैरही नव्हते. दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्याने तिसऱ्या वर्गाने जाऊ नये, एवढाच तिचा हेतू होता. ऐपतदाराला धाक बसावा म्हणून गरिबाला पावसात भिजवले जात होते.

हा सिद्धांत आज पावणेदोनशे वर्षांनंतरही लागू पडतो. काही गैरसोयी अपरिहार्य असतात आणि काही मुद्दाम राखलेल्या असतात. विमानातील आखडलेले गुडघे हा त्या छपराविना डब्याचाच आधुनिक अवतार म्हणावा लागेल. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. तिसऱ्या वर्गाचा तो प्रवासी निदान ग्राहक तरी होता. त्याची गैरसोय कोणाच्या तरी हिशेबात मोजली जात होती.

दोन इंच फोम

मुद्दाम राखलेली गैरसोय निर्णयाने दूर करता येते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्याच एका सुपुत्राने घालून दिले आहे. भारतीय रेल्वेतील तिसरा वर्ग १९७४ मध्ये रद्द झाला, परंतु पाटी बदलली तरी लाकडी फळी तशीच राहिली. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झालेले प्रा. मधु दंडवते हे मूळचे नगरचे आणि व्यवसायाने भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील फळ्यांवर दोन इंच फोम बसवण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी २६ डिसेंबरला मुंबई-हावडा मार्गावर वर्गभेद नसलेली गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. पहिल्या वर्गाची गादी काढून घ्यावी असे त्यांचे म्हणणे नव्हते. दुसऱ्या वर्गाला ती मिळावी, एवढाच आग्रह होता. त्या दोन इंचांनी रेल्वे बुडाली नाही. उलट फळीवर झोपणे हा गरिबाच्या नशिबाचा भाग नसून कोणीतरी न घेतलेल्या निर्णयाचा परिणाम आहे, हे कोट्यवधी पाठींना समजले.

बीड जिल्ह्याला मात्र रेल्वेच्या गादीची वाट फार काळ पाहावी लागली. हा जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्या संस्थानात १९४५ मध्ये डेक्कन एअरवेज ही विमान कंपनी निघाली होती. शेजारच्या मुंबई प्रांतात १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, तेव्हा बीड निजामाच्याच अमलाखाली होते. परळी आधीपासून रेल्वेच्या नकाशावर होते, परंतु जिल्ह्याच्या मुख्य गावी प्रवासी गाडी पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मंजूर झाला होता. एक पिढी मध्ये निघून गेली. ज्या भागात शेतीला पाणी नाही, कारखानदारी नाही आणि दळणवळणही उशिरा येते, तेथील माणूस अखेर ट्रॉलीत बसतो.

पाचटाची कोपी

त्या ट्रॉलीतील प्रवासाला कोणताही वर्ग नाही. खाली बाजरी-ज्वारीची पोती, पत्र्याची पेटी, भांडी, चुलीसाठी सरपण, कधी खुराड्यातील कोंबड्या आणि या साऱ्यावर माणसे. म्हातारी व तान्ही मुलेही त्यातच. घाटातल्या वळणावर धरायला दोरखंडाशिवाय काही नसते. तिकीट नसल्याने तक्रारपुस्तकही नसते. मुकादमाकडून घेतलेली उचल हीच या प्रवासाची किंमत, आणि ती मजुराने आपल्या येणाऱ्या श्रमांतून आगाऊच चुकती करायची असते.

मुक्काम कोपीत. चार बांबू, वर उसाचे पाचट किंवा प्लॅस्टिकचा कागद, आत वाकून शिरावे लागेल एवढे दार. पाणी मिळेल तेथून आणायचे, शौचाला उघड्यावर जायचे. बाई पहाटे तीन-चारला उठून भाकऱ्या थापते, दिवसभर फडात मोळ्या बांधते आणि गाडी भरायला रात्री आली तर रात्रीही उठते. रिसॉर्टमध्ये दुपारी बाराला खोली सोडावी लागते म्हणून पाहुणा कुरकुरतो. येथे ऊस संपला की सबंध वस्तीच मोडून दुसऱ्या फडाकडे न्यावी लागते.

कायद्याने या प्रश्नाकडे पाहिलेच नाही, असे नाही. आंतरराज्य स्थलांतरित मजुरांसाठीच्या १९७९ च्या कायद्यात जाण्यायेण्याचे भाडे, प्रवासाच्या दिवसांची मजुरी आणि योग्य निवास यांची तरतूद होती. तो कायदा पुढे २०२० च्या संहितेत सामावला गेला. पण त्याचे नावच त्याची मर्यादा सांगते. संरक्षण राज्याची सीमा ओलांडणाऱ्याला होते. कर्नाटकात जाणारी टोळी निदान कागदावर त्यात बसू शकत होती, कोल्हापूरला जाणारी बसत नव्हती. थंडी मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच असते.

याउलट विमानप्रवाशाचे संरक्षण पाहावे. उड्डाणाला ठरावीक वेळेपेक्षा अधिक उशीर झाला तर कंपनीने खाण्यापिण्याची सोय करावी, असा नियम आहे. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशात हजारो उड्डाणे रद्द झाली आणि प्रवासी विमानतळांवर अडकून पडले, तेव्हा त्यांचे हाल प्रत्येक वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर आले. ६ डिसेंबरला केंद्र सरकारने भाड्यांवर कमाल मर्यादाही घातली. हे योग्यच झाले. पण त्याच रात्री फडाकडेला कोपीत निजलेल्या माणसांच्या हालांची बातमी झाली नाही, कारण ते हाल नेहमीचेच होते. नेहमीच्या हालांना आपण परिस्थिती म्हणतो.

किलोमागे काही पैसे

‘एवढ्या माणसांना निवारा देणे परवडेल काय?’ असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर आकड्यांतच द्यावे. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यावेत आणि शासनाने तितकीच भर घालावी, असे राज्याने ठरवले. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला सुमारे दोन टन ऊस तोडते आणि हंगाम १२० दिवस चालतो असे धरले, तर एका जोडीमागे २४० टन होतात. टनाला १० रुपयांप्रमाणे २,४०० रुपये, शासनाची भर धरून ४,८०० रुपये. करखात्याने चैनीची सीमा मानलेल्या खोलीच्या एका रात्रीच्या भाड्याहून ही रक्कम कमी आहे. तिच्यातूनच आरोग्य, विमा, मुलांचे शिक्षण हे सारे भागवायचे. दिवसाचे ४० रुपये पडतात. विमानात विकत मिळणारा चहा याहून महाग असतो.

आता दुसरी बाजू. एक टन उसापासून ढोबळमानाने १०० किलो साखर निघते. म्हणजे टनामागे १० रुपयांचा भार साखरेच्या किलोमागे १० पैसे होतो. हा भार पाचपट केला, टनाला ५० रुपये घेतले आणि तो सगळाच्या सगळा ग्राहकावर टाकला, तरी साखर किलोमागे ५० पैशांनी महाग होईल. मात्र एका जोडीमागे हंगामाला १२,००० रुपये जमतील. दरवर्षी त्याच कारखान्यांच्या परिसरात येणाऱ्या माणसांसाठी पत्र्याची पक्की निवारागृहे, नळ आणि शौचालये दोन-तीन हंगामांत उभी राहू शकतील. द्युपुईचे छप्पर जितके स्वस्त होते, तितकेच हेही आहे.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि ती आवश्यकच होती. मात्र मजुरीचा दर वाढला म्हणून वाहत्या कालव्याचे पाणी पिण्याजोगे होत नाही. नळ एकट्या मजुराने विकत घेण्याची वस्तू नाही, तो सामुदायिकच असावा लागतो. म्हणूनच त्याची जबाबदारी कारखाना आणि शासन यांच्याकडे जाते. मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली. मूल गावी राहून शिकावे, हा त्यामागचा विचार मोलाचा आहे. वसतिगृहाची गादी आणि वेळेवरचे जेवण ही त्या मुलाच्या आयुष्यातील दोन इंच फोमच होय. ती वसतिगृहे किती भरली, कशी चालली, याची विचारणा दर हंगामाला व्हावयास हवी.

सुटी संपवून गोव्याहून परतलेला शिक्षक वर्गात येतो. चेहरा उन्हाने थोडा रापलेला, मन ताजेतवाने. हजेरीपट उघडून तो नावे पुकारू लागतो. काही नावांना उत्तर येत नाही. कोणीतरी मागच्या बाकावरून सांगते, ‘गुरुजी, त्ये कारखान्याला गेलंय.’ शिक्षक त्या नावापुढे गैरहजेरीची खूण करतो आणि पुढचे नाव घेतो. त्या खुणेचा हिशेब मात्र त्या मुलाच्या नावावर मांडता येणार नाही. तो साखरेच्या किमतीत कोठेतरी धरावाच लागेल.