महागडी लेन्स बसवूनही नजर धूसर का?

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करायचीच आहे तर चष्माही सुटावा, या आशेने अनेकजण मल्टिफोकल लेन्स बसवून घेतात. साध्या लेन्सपेक्षा ती बरीच महाग असते, तरी घरचे म्हणतात, डोळ्यांच्या बाबतीत पैशाकडे बघायचे नाही. बहुतेकांना तिचा फायदाही होतो. काहींच्या वाट्याला मात्र वेगळेच येते. दिवसा सगळे जरासे धुरकट दिसते, रात्री प्रत्येक दिव्याभोवती कडे दिसते, संध्याकाळी पेपर हातात घेतला की अक्षरे फिकी वाटतात. तपासणीला गेल्यावर तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतो. मग "ऑपरेशन उत्तम झाले आहे, सवय होईल" एवढे ऐकून पेशंट घरी परततो आणि आपलेच काहीतरी चुकते आहे असे समजतो. तसे नसते. ही तक्रार खरी असते आणि नीट शोधले तर बहुतेक वेळा तिचे कारण सापडते.

आधी लेन्सचे काम समजून घेऊ. आपले नैसर्गिक भिंग लवचीक असते, जवळचे पाहताना ते फुगते. चाळिशीनंतर हा लवचीकपणा कमी होतो आणि वाचायला चष्मा लागतो. १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली, ती एकाच अंतरावरचे स्पष्ट दाखवणारी होती. आजची साधी, म्हणजे मोनोफोकल लेन्सही त्याच तत्त्वावर चालते. लांबचे स्वच्छ दिसते, वाचायला चष्मा घ्यावा लागतो.

मल्टिफोकल लेन्सच्या पृष्ठभागावर एकात एक अशी अतिसूक्ष्म वर्तुळे कोरलेली असतात. ती डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाची विभागणी करतात. काही प्रकाश लांबच्या प्रतिमेसाठी जातो, काही जवळच्या. ट्रायफोकल लेन्समध्ये कॉम्प्युटरच्या किंवा स्वयंपाकाच्या ओट्याच्या अंतरासाठी आणखी एक हिस्सा निघतो. म्हणजे भाकरी एकच, वाटे तीन. जुन्या धर्तीच्या दोन अंतरांच्या लेन्समध्ये साधारण ४१ टक्के प्रकाश लांबच्यासाठी, ४१ टक्के जवळच्यासाठी वापरला जातो आणि उरलेला १८ टक्के वाया जातो. त्यामुळे कोणत्याही एका अंतरावरची प्रतिमा साध्या लेन्सइतकी ठसठशीत नसते. दवाखान्यातला तक्ता पांढऱ्यावर काळा असतो आणि मागून भरपूर उजेड असतो, म्हणून तो वाचता येतो. पण राखाडी पायरीची कड, संधिप्रकाशातला चेहरा, मंद दिव्याखालचे बिल इथे नजर कमी पडते. तक्त्यावर ६/६ आणि घरी धूसर, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

रात्रीच्या कड्यांचेही हेच. समोरच्या गाडीच्या हेडलाइटकडे पाहताना लांबची प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (रेटिनावर) नेमकी उमटते. पण जवळच्यासाठी वळवलेला प्रकाश पडद्याच्या अलीकडेच एकत्र आलेला असतो आणि पुढे पसरून त्या दिव्याभोवती फिकट वलय तयार करतो. अंधारात बाहुली मोठी होते आणि पार्श्वभूमी काळी असते, म्हणून ते अधिक उठून दिसते. थोडेफार वलय हा या लेन्सचा दोष नसून स्वभाव आहे. मेंदू हळूहळू त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. त्याला बहुधा तीन ते सहा महिने लागतात, काहींना वर्षही लागते.

पण "सवय होईल" हे उत्तर कधी द्यायचे? दुरुस्त होण्यासारखी कारणे शोधून झाल्यावर. माझा सगळा आग्रह या क्रमासाठी आहे.

पहिले कारण म्हणजे उरलेला नंबर. साध्या लेन्सच्या माणसाला अर्ध्या-पाऊण नंबराचे फारसे जाणवत नाही. मल्टिफोकलमध्ये प्रकाशाचे आधीच वाटे झालेले असल्याने तेवढाही नंबर खुपतो आणि वलयेही वाढवतो. सिलिंडर नंबरासाठी टोरिक लेन्स बसवली असेल तर ती फिरली नाही ना हे बघावे लागते. ती एक अंश फिरली तरी तिचा सुमारे ३ टक्के परिणाम कमी होतो आणि ३० अंश फिरली तर सगळाच जातो. नंबर काढणाऱ्या यंत्राला ही वर्तुळे चकवू शकतात, म्हणून समोर एकेक भिंग बदलून, तुम्हाला विचारत काढलेला नंबर घ्यावा.

घरी एक प्राथमिक चाचणी करता येते. जाड पुठ्ठ्याला टाचणीने बारीक छिद्र पाडा. भरपूर उजेडात एक डोळा झाकून त्या छिद्रातून भिंतीवरच्या कालनिर्णयातल्या तारखा पाहा. आधीपेक्षा रेखीव दिसल्या, तर दोष बहुधा नंबराचा किंवा डोळ्याच्या पुढच्या पृष्ठभागाचा असतो. काहीच फरक पडला नाही, तर पडद्याची तपासणी आणखी महत्त्वाची ठरते. निदान डॉक्टरांनीच करायचे, पण त्यांना सांगायला ही माहिती उपयोगी पडते.

दुसरे कारण कोरडेपणा, आणि याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. अश्रूंचा पातळ थर हीच प्रकाशाची डोळ्यातली पहिली पायरी असते. शस्त्रक्रियेच्या छेदाने कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या, काही बारीक नसा कापल्या जातात, त्यात अनेक आठवडे घातलेल्या थेंबांमधले प्रिझर्व्हेटिव्ह खुपते, आणि तो थर विस्कळीत होतो. ओळखायची खूण सोपी: मालिका बघताना किंवा मोबाइलवर वाचताना धूसर होते आणि दोन-तीनदा पापण्या मिटल्या की क्षणभर निवळते. डॉक्टर केशरी रंगाची पट्टी ओली करून डोळ्याला टेकवतात आणि निळ्या प्रकाशात बघतात. हिरव्या थरात दहा सेकंदांच्या आत काळे ठिपके पडू लागले, तर अश्रू टिकत नाहीत. त्यावर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूंचे थेंब आणि पापण्यांना गरम शेक असे उपाय असतात. गुण यायला आठवडे किंवा महिनेही लागतात, म्हणून धीर धरावा.

तिसरे, पडदा. शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी काहींच्या पडद्याच्या मध्यभागी सूज येते, मधुमेह असेल तर ही शक्यता वाढते. सुरुवातीला चांगले दिसत होते आणि मग कमी झाले, असे असेल तर ओसीटी, म्हणजे पडद्याच्या स्कॅनची, तपासणी मागून घ्या. वेळेवर औषध मिळाले तर ही सूज बहुतेकांची उतरते.

चौथे कारण लेन्सच्या मागच्या पिशवीचे. कृत्रिम लेन्स नैसर्गिक भिंगाच्याच पातळ पिशवीत ठेवतात. तिथे उरलेल्या पेशी वाढल्या की काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मागची बाजू गढूळ होते. याग लेसरने त्यात छिद्र पाडले की वाट मोकळी होते. ना सुई, ना टाके, काम काही मिनिटांचे. इथेच सगळ्यात सावध राहायला हवे. धूसरपणा पहिल्या आठवड्यापासूनच असेल, तर पिशवी गढूळ झाल्यामुळे तो आला असण्याची शक्यता कमी. अशा वेळी लेन्सच बदलायची वेळ येऊ शकते, आणि एकदा पिशवीला छिद्र पडले की ती बदलणे कितीतरी जोखमीचे होते. म्हणून लेन्स ठेवायची की काढायची हे ठरेपर्यंत याग लेसरची घाई करू नका.

हे सगळे तपासूनही काही सापडले नाही, तर लेन्स मध्यभागी आहे का हे पाहावे. नंबर उरलेला निघाला असेल, तर त्यासाठी चष्मा घेता येतो, किंवा सुमारे तीन महिन्यांनी नंबर स्थिर झाल्यावर कॉर्नियावर लेसर करता येते. लेन्स बदलणे हा शेवटचा उपाय. पिशवी लेन्सला घट्ट चिकटण्याआधी, पहिल्या काही महिन्यांत, ते सोपे जाते. त्यामुळे थांबायचे असले तरी कितीही थांबून चालत नाही.

दरम्यान दिवस नीट काढता येतात. वाचताना दिवा डोळ्यांवर न येता कागदावर पडेल असा ठेवा. या लेन्सचे वाचनाचे अंतर ठरलेले असते, बहुधा ४० सेंटिमीटरच्या आसपास. कागद पुढे-मागे करून आपले अंतर शोधा आणि तिथेच धरा. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना उठावदार रंगाची पट्टी लावा. रात्री गाडी चालवणे सध्या टाळा. अगदीच भाग पडले तर काच आतून-बाहेरून पुसा आणि उरलेल्या नंबराचा चष्मा लावा. एवढा खर्च करून पुन्हा चष्मा, याची खंत वाटते, पण रस्त्यावर तो चष्माच हिताचा. अचानक दुखणे, लाली, नजर झपाट्याने कमी होणे, विजा चमकल्यासारखे दिसणे, काळ्या ठिपक्यांचा सडा किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

शस्त्रक्रियेच्या वेळी मिळालेले लेन्सचे स्टिकर असलेले कार्ड जपून ठेवा, त्यावर लेन्सचा प्रकार आणि पॉवर असते. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेताना त्याचा मोठा उपयोग होतो. आणि दुसऱ्या डोळ्याची तारीख आधीच ठरली असेल, तर पहिल्या डोळ्याला नेमके काय झाले आहे हे डॉक्टरांकडून लिहून मिळेपर्यंत ती पुढे ढकला.